शरमेचं दुखणं आणि रेवाक्का

रेवाक्का बाईकडं बघायची ती पायांपासून वर. घागर उचलताना कोण दम कोंडते, पायरी उतरताना कोण आधी भिंतीला हात लावते, शिंक आली की कोण जागच्या जागी थांबून गुडघे जुळवते, हे सगळं ती दारात ज्वारी निवडता निवडता बघायची. मानवतला आमच्या गल्लीच्या तोंडाशीच तिचं एका खोलीचं घर होतं आणि आडाची वाट तिच्या दारावरून जायची. त्यामुळं गल्लीतली प्रत्येक बाई दिवसातून दोनदा तिच्या नजरेखालून जायची. बायकांना ते ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

आता माझं वय झालं. तेव्हा जे बोलायला तोंड उघडत नव्हतं ते आता बोलायला हरकत नाही. गेल्या महिन्यात नातसून बाळंत होऊन घरी आली. दवाखान्यातल्या बाईंनी तिला एक व्यायाम शिकवला होता. तो ती खोलीचं दार लावून करायची आणि मी काय म्हणून विचारलं तर लाजून दुसरंच काही सांगायची. मला ओळखायला वेळ लागला नाही. इतकी वर्षं गेली तरी बायका हे दार लावूनच करतात, याचं वाईट वाटलं. म्हणून आक्काबद्दल लिहायला बसले.

आक्का लिंगायत वाण्याच्या घरची. विशीच्या आतच नवरा गेला. मामा हैदराबादला कापडाच्या दुकानात नोकरीला होता, तो तिला घेऊन गेला आणि तिथल्या एका जनाना दवाखान्यात ती आया म्हणून लागली. आठ वर्षं तिनं तिथं भांडी उकळली, चादरी धुतल्या आणि बाळंतिणींचे पाय धरले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हिची समज ओळखली आणि हाताखाली घेतलं. पुढं मामा वारला तेव्हा ती गावी परतली, सोबत पत्र्याची एक पेटी होती. मी मानवतला सून म्हणून आले तेव्हा ती चाळिशीची असेल. उंच, मोठ्या हाडाची बाई. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. आवाज इतका खालचा, की ऐकणाऱ्याला जवळ सरकावं लागायचं. हात कोपरापर्यंत धुवायची, आणि धुतल्यावर पाणी निथळेपर्यंत दोन्ही हात वर धरून गप्प उभी राहायची. बघणाऱ्याला वाटायचं, ही काही मागायलीय.

बाळंतपणं करायला गावात दुसऱ्या सुइणी होत्या आणि आक्काचं त्यांच्याशी पटत नसे. पहिली कळ आली की त्या बाईला जोर करायला लावायच्या, वरून पोट दाबायच्या. दहाव्या दिवशी बाळंतीण जात्यावर बसलेली असायची. आक्का म्हणायची, खाली एक झोळी हाय, तिच्यातच सगळं तोललेलं हाय. तुमी ती ताणायल्यात, अन् मग म्हणता बाईचं नशीब. सुइणी तिला हसायच्या. पण बाळंतपणानंतर पाच वर्षांनी, दहा वर्षांनी जे व्हायचं ते घेऊन बायका सुइणींकडं जात नव्हत्या. कुणाकडंच जात नव्हत्या. खोकताना लघवी जाते, मोळी उचलली की अंग बाहेर येतं, बसलं की आत जातं, हे आईलासुद्धा सांगायचं नसतं. आमच्याकडं त्याला नावही धड नव्हतं. शरमेचं दुखणं म्हणायच्या, तेही फार तर एखादी बहीण बहिणीला.

माझी दुसरी मुलगी झाली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. माझे यजमान तिथल्या सरकारी मदरशात, म्हणजे निजामाच्या शाळेत, मास्तर होते. एके दुपारी आक्का ताक मागायला म्हणून आली. ताकाचं भांडं बाजूला ठेवलं आणि माझ्याजवळ सरकून बसली.

"मास्तरीणबाई, पाणी किती पिता?"

मला काही कळेना. मी म्हटलं, तहान लागेल तेवढं.

"न्हाई. दोन महिने झाले, तुमी आडावर हसत न्हाईत. बाकीच्या हसायल्यात अन् तुमी तोंड दाबायलाव. बारशाला गेलात तर दाराजवळ बसलात. पाणी तोडलंय तुमी. पाणी तोडून हे बरं होत न्हाई, लघवीला आग होती ती वेगळीच."

मी रडले. तिनं रडू दिलं. मग दार लोटून घेतलं आणि मला आडवं केलं. एक हात माझ्या पोटावर ठेवला आणि सांगितलं, लघवी मधेच अडवायची असती तसं खालून आत आवळा. ओळखण्यापुरतं एकदा लघवीच्या वेळी अडवून बघायचं, रोज तसं करायचं नाही. पोट तिच्या हाताखाली मऊ राहिलं पाहिजे. मांड्या सैल, श्वास चालू. मी आवळलं तर पोटच ताठ झालं. तिनं हात उचलला आणि म्हणाली, हे पोट झालं, परत. असं किती वेळा केलं आठवत नाही. शेवटी जमलं तेव्हा माझ्या आधी तिच्या हाताला कळलं.

आवळून धरायचं ते 'ॐ नमः शिवाय' सावकाश एकदा म्हणून होईपर्यंत, मग सोडायचं आणि तितकाच वेळ सैल राहायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. शिंक किंवा खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळायचं. ती सगळ्यांना हेच मोजमाप द्यायची. विणकरांच्या गल्लीतल्या मुसलमान बायका यायच्या त्यांना म्हणायची, तुमी तुमच्या अल्लाचं नाव घ्या, आवळणं तेच हाय. मला तीन महिने लागले. मधे एकदा मी कंटाळून सोडून दिलं, तर तिनं विचारलं, पोरीला चालायला किती दिवस लागले? मी म्हटलं, तेरा महिने. "मग?" एवढंच ती बोलली, आणि उठून गेली.

हे सगळ्यांनाच लागू पडत नसे, आणि कुणाला काय लागू पडतं हे ओळखण्यातच आक्काची खरी विद्या होती. झोळी सैल पडली असेल तर आवळणं. अंग फारच खाली आलं असेल तर तिच्या पेटीत काळ्या रबराची कडी होती, लहानमोठ्या मापांची. ती उकळून, तेल लावून आत बसवायची. अंग वर तोलून धरलं जायचं. त्याला ती टेकू म्हणायची, गाडीला लावतात तसा. दर तीन महिन्यांनी तो काढून, उकळून, आत कुठं जखम नाही हे बघून परत बसवावा लागे.

गावातल्या एका मोठ्या अडत दुकानदाराची आई, गिरजाबाई, यांना तिनं पहिल्यांदा टेकू बसवला तेव्हाची हकीकत मला पुढं खुद्द गिरजाबाईंनीच सांगितली. बावीस वर्षं त्यांचं अंग बाहेर येत होतं. कापडाची घडी बांधून त्या वावरायच्या. घरच्यांना वाटायचं, सासूबाई वय झालं तशा तिरसट झाल्यात, कुणात मिसळत नाहीत. त्यांनी लिंगपूजाही सोडली होती. डबी गळ्यात होती, पण ती उघडून हातावर लिंग घ्यायचं धाडस त्यांना होत नव्हतं. असल्या अंगानं शिवाला कसं शिवायचं, हा त्यांचा प्रश्न. आक्का मठात गिरजाबाईंच्या मागं बसली होती. त्या उठताना दोन्ही हात जमिनीला टेकून उठल्या, तेवढ्यावरून तिनं ताडलं.

दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या घरी गेली आणि दुखण्याच्या आधी पूजेचंच बोलली. म्हणाली, आपल्यात पाच सुतकं मानत न्हाईत, आईसाब. विटाळ बाईला न्हाई, बाळंतिणीला न्हाई, अन् मेलेल्यालाबी न्हाई. मग तुमाला कुणी सांगितला? गिरजाबाई म्हणाल्या, कुणी नाही, मीच. त्यावर आक्का म्हणाली, मग तुमीच काढा.

टेकू बसवल्यावर गिरजाबाई उभ्या राहिल्या, खोलीत चार पावलं चालल्या आणि थांबल्या. खाली काही लोंबत नाही, ओढ नाही. त्यांना भीतीच वाटली म्हणे, की आपलं काहीतरी हरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून त्यांनी डबी उघडली. नंतर आक्काला लांबच्या गावी जायचं असलं की त्यांची बैलगाडी तिच्या दारात उभी असायची. का, ते गावात कुणाला कळलं नाही. आक्कानं कुणाचं कुणाला सांगितल्याचं मी ऐकलं नाही. त्या काळात बायका तिच्यावर विसंबल्या त्या याच एका गुणावर.

आणि याच गुणानं एका बाईचा जीव गेला.

सोजर नावाची मजूर बाई होती. पाच बाळंतपणं झालेली, कापसाचे बोजे डोक्यावर वाहणारी. तिला आक्कानं टेकू बसवला आणि तीन महिन्यांनी ये म्हणून बजावलं. सोजरनं पायावर हात ठेवून मागून घेतलं होतं, की घरात कुणाला कळू देऊ नका. आक्कानं शब्द दिला. पुढं सोजरचा नवरा कामासाठी बोरीकडं, तिच्या माहेरी, बिऱ्हाड घेऊन गेला. तीन महिने झाले, सहा झाले. आक्काला वाटलं, तिकडं दुसरं कुणी बघत असेल, किंवा तिनं स्वतःच काढून टाकलं असेल. निरोप धाडावा तर कुणाकडून आणि काय म्हणून? शब्द दिलेला. दीड वर्षानं सोजरचा भाऊ धावत आला. ताप उतरत नाही, अंगाला वास मारायलाय, आणि ती सारखं आक्काला बोलवा म्हणतीय.

आक्का गिरजाबाईंच्या गाडीनं निघाली, मला सोबत म्हणून घेतलं. सोजर भिंतीकडं तोंड करून पडली होती. आक्कानं हात धुतले, वर धरून उभी राहिली, मग बाकीच्यांना बाहेर काढलं. टेकू मांसात रुतून बसला होता. तो काढायला किती वेळ लागला मला सांगता येणार नाही. सोजर ओरडली नाही, तिच्यात तेवढं बळ नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

तिच्या म्हाताऱ्या आईला यातलं काही माहीत नव्हतं. पोरीला ताप आला आणि पोरगी गेली, एवढंच. आक्कानं गप्प राहून निघून यायचं ठरवलं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं, उलट एवढ्या लांबून आली म्हणून पाया पडले असते. ती म्हातारीसमोर बसली आणि सगळं सांगितलं. दुखणं काय होतं, टेकू काय होता, तो कुणी बसवला.

"माझ्या हातानं बसवला, अन् माझ्या हातानं काढायला मी आले न्हाई. तिनं शरम धरली, ती मी जपली. जीव जपला न्हाई."

 म्हातारी म्हणाली, मलाबी हायच की ते, वीस वरसं.  

त्यानंतर तिनं दोन गोष्टी बदलल्या. घरातल्या एका तरी माणसाला सांगितल्याशिवाय टेकू बसवायचा नाही. नवरा, सासू, जाऊ, कुणीही एक. बायका हातापाया पडायच्या, रुसून परत जायच्या, तरी ती ऐकत नसे. काही जणी परत आल्याच नाहीत. त्यांचं तिला लागायचं, पण तिनं नियम मोडला नाही. आणि दुसरं, बाई येईल याची वाट बघायची नाही. दर तीन महिन्यांनी ती स्वतः जाऊ लागली. सोनपेठपासून बोरीपर्यंत तिच्या बायका होत्या. मिळेल तिथं गाडी, नाही तिथं पायी.

पुरुषांशी बोलणं तिला जड जायचं. तरी पारूच्या वेळी ती बोलली.

पारू एकोणीस वर्षांची. तीन दिवस अडली होती, मूल मेलेलं निघालं. तेव्हापासून लघवी थांबायचीच नाही, रात्रंदिवस ठिबकायची. तिला गोठ्यात निजवायचे. नवऱ्यासाठी दुसरी पोरगी बघून ठेवली होती. सासू तशी वाईट नव्हती, तिनंच पोरीला आक्काकडं आणलं, म्हणाली, ते तुमचं आवळायचं शिकवा हिला. आक्कानं तपासलं आणि लगेच बाहेर आली. सासूला म्हणाली, हे सैल पडलेलं न्हाई, हे फाटलेलं हाय. मूल अडकून राहिलं तिथं भोक पडलंय. फाटक्या पिशवीचं तोंड कितीबी आवळा, पाणी गळायचंच. याला शिवावं लागतं, अन् शिवणारे हैदराबादला हाईत.

सासू म्हणाली, घरचे पाठवायचे नाहीत. तेव्हा आक्कानं नवऱ्याला बोलावून घेतलं. किसन त्याचं नाव, बाविशीचा असेल. तो दारातच उभा राहिला. आक्कानं त्याला आत बसवलं आणि खाली न बघता, एका दमात, त्याच्या बायकोला काय झालंय ते सांगितलं. हे कुणाच्या पापानं झालेलं नाही, वेळेवर बाहेर न काढलेल्या मुलानं झालंय, आणि ते बरं होतं, मी होताना बघितलंय. किसन मान खाली घालून ऐकत होता. शेवटी त्यानं एवढंच विचारलं, तिला दुखतं का? आक्का म्हणाली, ते तू तिलाच इचार. वरीस झालं, कुणी इचारलं न्हाई.

माझ्या यजमानांनी दवाखान्याच्या नावानं उर्दूत अर्ज लिहून दिला. मानवत रोड स्टेशनवरून आक्का, पारू आणि किसन आगगाडीत बसले. डब्यातली माणसं वासानं उठून दुसरीकडं गेली, तेव्हा आक्कानं आपली गोधडी पारूखाली घातली आणि तिला टेकून बसली, हे किसननं पुढं सांगितलं. पहिलं ऑपरेशन फसलं. टाके सुटले. पारू म्हणाली, आता घरी नको, मला नदीतच सोडा. आक्कानं तिला तीन महिने तिथंच ठेवून घेतलं. स्वतः तिथं दोन आठवडे राहिली आणि ओळखीच्या आयांच्या हवाली करून परत आली, कारण इकडं बाकीच्यांच्या तारखा होत्या. किसन मात्र राहिला. दवाखान्याच्या फाटकाबाहेर हमाली करायचा आणि संध्याकाळी जाळीशी उभा राहायचा. दुसऱ्या ऑपरेशननं पारू कोरडी झाली. ती परत आली तेव्हा आक्काच्या दारात आली आणि उभीच राहिली, बसायला पाट दिला तरी बसेना. वर्षभर कुणी पाटावर बसू दिलं नव्हतं तिला. आक्कानं हाताला धरून बसवलं.

मग रझाकारांचं ते वर्ष आलं. गावोगाव धाक पसरला, कोण कधी घरात शिरेल याचा भरवसा राहिला नाही. माणसं रातोरात निजामाच्या हद्दीपलीकडं जाऊ लागली. यजमानांनीही निघायचं ठरवलं. मी आक्काला म्हटलं, तुमी चला आमच्याबरोबर. तिनं नाही म्हटलं. तिचे टेकू बसवलेल्या अकरा बायका होत्या. कुणी शेतात लपून होत्या, कुणी नातेवाइकांकडं. म्हणाली, त्यांना मी सापडले पायजे. मी हलले तर त्या कुणाला इचारतील?

पुढचं आधीच सांगून टाकते. गाव सोडल्यावर ती मला पुन्हा दिसली नाही. सगळं शांत झाल्यावर आम्ही परतलो तेव्हा कळलं, की बोरीकडच्या एका शेतकऱ्याच्या घरी ती तापानं गेली. ते घर लिंगायतांचं नव्हतं. पण त्यांनी जंगमाला बोलावून रीत विचारून घेतली आणि आपल्याच शेताच्या कडेला तिला बसवून माती दिली. अकराच्या अकरा बायकांपर्यंत ती पोचली होती की नाही, ते मला कुणी सांगू शकलं नाही.

आम्ही गाव सोडलं त्या दिवशी सकाळी पाऊस नुकता थांबला होता. गाडीत आम्ही आणि शेजारची बारा दिवसांची बाळंतीण होतो. वेशीबाहेर आक्का समोरून येताना दिसली. रात्रभर कुठल्याशा गावी होती. लुगडं वर खोचलेलं, पायताण हातात, काळ्या रानात पाय घोट्यापर्यंत रुतायचे. गाडीवान भ्यायलेला होता, बैलांना मारत होता. ती वाटेत आडवी उभी राहिली तशी त्याला थांबावं लागलं.  तिनं पेटी खाली ठेवली, गाडीच्या मागून कडब्याची पेंढी ओढली, बाळंतिणीला कुशीवर वळवलं आणि पेंढी तिच्या कमरेखाली नीट सारली. मग पुढं जाऊन गाडीवानाला म्हणाली, "दादा, हळू हाक. आत कच्ची बाळंतीण हाय. तिला जन्मभर चालायचंय."

तो म्हणाला, मागून माणसं येतील. ती म्हणाली, येऊ दे, तू हळू हाक. आणि बैलाच्या कासऱ्याला धरून ती वाटेतला खड्डा पार होईपर्यंत आमच्याबरोबर चालली, मग हात सोडला, पेटी घ्यायला परत वळली.